ट्रॉलीचं उदाहरण

माझे वडील रेल्वेत ट्रॉलीमॅन होते. तिगावच्या क्वार्टरात आम्ही राहायचो. साहेबांना रूळ तपासायचे असले की चौघं जण चार चाकांची ट्रॉली उचलून रुळांवर ठेवायचे. मग दोघं रुळावरूनच धावत ती ढकलायचे आणि वेग आला की उडी मारून मागे बसायचे.

मी पॅसेंजरनं पांढुर्ण्याला शिकायला जायची. ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. अकरावीला विज्ञान घेतलेल्या आम्ही दोघीच मुली होतो. दुसरी सौंसरकडच्या संत्राबागायतदाराची, पांढुर्ण्यात मावशीकडे राहणारी. तिचा डबा आम्ही अर्धा-अर्धा खायचो.

फिजिक्समधलं विस्थापन मला पहिल्याच दिवशी कळलं. घरी येऊन मी हौसेनं बाबांना म्हटलं, "तुमी पांढुर्ण्यापर्यंत ट्रॉली नेली अन् परत आणली, तर विस्थापन शून्य."

बाबा तळपायाला तेल चोळत होते. "पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी ट्रॉली ढकलली नसन," ते म्हणाले.

अंतर वेगळं आणि विस्थापन वेगळं, निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर आणि दिशा एवढंच त्यात मोजतात, हे मी पाटीवर काढून दाखवलं तेव्हा त्यांना पटलं.

संवेग मात्र मला कळेना. फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर 'द्रव्यमान गुणिले वेग' लिहिलं आणि पुसलंही. मी उभी राहिले. "सर, वेग आहेच, तर संवेग वेगळा कायले पाहिजे?"

"समजून काय करून राहिली? पाठ कर. तुमाले तर सीट तशीही भेटून जाते."

वर्ग हसला. आम्ही बौद्ध, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त माझी मैत्रीण हसली नाही, आणि मला ते फार मोठं वाटलं.

संध्याकाळी बाबांनाच विचारलं. त्यांनी संवेग हा शब्द ऐकलाही नव्हता. पण ते म्हणाले, "रिकामी ट्रॉली अन् साहेब बसलेली ट्रॉली एकाच वेगानं पळून राहिली, तरी ब्रेक सारखा लागत नाही. साहेब असले तर लय आधीपासून दाबा लागते. अन् रिकामीच ट्रॉली उतारावर जोरात सुटली, तर तेही तेवढीच जड जाते."

वजनही हवं आणि वेगही. मला ते एका क्षणात दिसलं. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सांगितलं. तिनं दोनदा सांगायला लावलं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. नंबर तिचा आधी. त्यांनी विचारलं, वेग सारखा असून संवेग वेगळा कसा असू शकतो? तिनं ट्रॉली सांगितली, ब्रेक सांगितला, साहेबसुद्धा सांगितले. परीक्षक खूश झाले. आमच्या सरांकडे वळून म्हणाले, "इसे कहते हैं समझना."

मग मी. प्रश्न तोच. माझ्याकडे दुसरं उदाहरण नव्हतं. मी ट्रॉली म्हटलं आणि परीक्षकांनी हात वर केला. "अभी उसने बोला, वही सुनकर बोल रही हो?"

"नाही सर, माझे बाबा ट्रॉलीमॅन आहेत."

त्यांनी सरांकडे पाहिलं. माझे बाबा काय करतात हे सरांना माहीत होतं. सरांनी वही चाळली. मैत्रीण दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. "बस, हो गया," परीक्षक म्हणाले.

बाहेर तिनं माझा हात धरला. "मले दुसरं काही सुचलंच नाही गं."

मी हात सोडवून घेतला.

घरी सगळं ऐकून बाबांनी विचारलं, "उत्तर बरोबर होतं नं?"

"हो."

"मंग झालं."

त्यांचाही मला त्या दिवशी संताप आला.

प्रॅक्टिकलला मी काठावर पास झाले. तरी बी.एस्सी.च्या प्रवेशापुरते मार्क होते. फॉर्म मीच भरला नाही. बीए केलं आणि सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून झाले. याचा दोष सरांना देता येतो, तिलाही देता येतो. मी दोघांनाही पुष्कळ वर्षं दिला.

ती नागपूरला बी.एस्सी. झाली. एकदा दाखल्यासाठी माझ्या टेबलापाशी आली. ओळख पटल्यावर मनापासून हसली आणि म्हणाली, "तू तर माह्यापेक्षा हुशार होती. फिजिक्स काऊन सोडलं वो?"

तिला खरंच आठवत नव्हतं. मी तिचा अर्ज परत सरकवला आणि सही राहिलेली जागा बोटानं दाखवली.