जवळची लेन्स

हसून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या. पुढं पुढं सांगताना माझं डोकं तापत जातं आणि मग समोरचा हसला की मी त्याच्या हातातला चहासुद्धा काढून घेतो. बायकोला विचारा, तिनं पाहिलंय. तर गोष्ट एका लेन्सची आहे. खरं म्हणजे गाढवपणाची आहे, पण लेन्सची म्हटलं की जरा अब्रू राहते.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. मी सोलापुरात गिरणीच्या ऑफिसात कारकून होतो. आमच्या मामांच्या सुमीचं लग्न ठरलं. मामा म्हणजे आईचे सख्खे थोरले भाऊ, आणि सुमी म्हणजे आईचा जीव. सुमी झाली तेव्हा मामी अंथरुणाला खिळलेली, म्हणून आईनंच पोरीला न्हाऊमाखू घालून वाढवलं. मामांचं घर बाळीवेशीत. आमच्या घरून निघताना तोंडात टाकलेलं पान संपायच्या आत माणूस तिथं पोचतो.

आता आमच्यात रीत अशी, की जवळच्या माणसाला लग्नाला बोलवायचं तर त्याच्या घरी जायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या. पत्रिका काय, ती वाण्यालाही देतात. आणि मामांची पत्रिका आमच्याकडं आली कशी? टपालानं! पोस्टमननं दारातून भिरकावली, ती उंबऱ्यावर उलटी पडली.

आई म्हणाली, "दादा गडबडीत असंल रे. लेकीचं लगीन हाय."

मी म्हणालो, एका गावात राहून सख्ख्या बहिणीला टपालानं बोलावतात? आमच्या घरचं कुणीही जाणार नाही. हे मी आईला सांगायचं, ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं. त्यामुळं नंतर माघार घ्यायची सोयच राहिली नाही. मामाही त्याच घाण्यातले. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, नाहीत तर नाहीत.

आई भांडली नाही. भांडली असती तर मी जिंकलो तरी असतो. ती ज्वारी निवडत बसली आणि बऱ्याच वेळानं सुपाकडंच बघत म्हणाली, "शालू नेसल्यावर कशी दिसंल रे सुमी?"

एवढ्या एका वाक्यानं माझं पाणी झालं, पण हट्ट काही विरघळला नाही. मी म्हणालो, तू काळजी करू नको. सुमीचं नथ घातलेलं तोंड तुला बसल्या जागी दाखवतो. आपण जायचं नाही, पण फोटो यायला कुणाची बंदी आहे?

माझ्याकडं एक जपानी कॅमेरा होता. गिरणीतले एक साहेब निवृत्त होऊन निघाले, त्यांनी सामान विकलं तेव्हा घेतलेला. त्याची लेन्स कायमची बसवलेली. पण तोंडाशी आटे होते, त्यावर दुसरी काच फिरवून बसवता यायची. आणि डोळा लावायची खिडकी अगदी वेगळी, वरच्या कोपऱ्यात. लेन्सला काय दिसतंय, याचा त्या खिडकीला पत्ताच नसायचा. एवढं लक्षात ठेवा, पुढं माझी दया यायला उपयोगी पडेल.

मामांच्या घरासमोर गल्लीच्या पलीकडं नरसम्माबाईंचं माळवद. मातीचं सपाट छप्पर, चांगलं ऐसपैस. तिथून मामांचा ओटा समोर दिसतो, पण ओट्यावरचा माणूस बाहुलीएवढा. म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी. नव्या पेठेतल्या दुकानदारानं टेलिफोटो म्हणून जे काढून ठेवलं, ते पाहून मी हबकलो. पाण्याच्या तांब्याएवढं धूड. किंमत ऐकून मी जरा चहा पिऊन येतो म्हणालो आणि त्या दुकानाकडं परत फिरकलो नाही. शिवाय मला लपून बसायचं होतं. समोरच्या माळवदावर तांब्या घेऊन ओणवा बसलेला भाचा मामांना दिसला, तर त्यांनी काय समजायचं?

तेव्हा लेन्स लहान पाहिजे आणि स्वस्त पाहिजे. असली वस्तू मुंबईतच मिळणार. आमचे शेजारी इस्माईलभाई चादरींच्या गाठी घेऊन ट्रकनं मुंबईला जायचे. त्यांना म्हटलं, टेलिफोटो लेन्स आणा. त्यांनी घोकून पाहिलं. पहिल्यांदा टेलिफोन झालं, मग टेलिग्राम झालं. चिठ्ठी लिहून द्यायची होतीस की, असं तुम्ही म्हणणार. अहो, त्यांच्या खिशातल्या चिठ्ठ्या सदऱ्याबरोबर धुतल्या जायच्या, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. म्हणून मी अक्कल चालवली आणि सोपं करून सांगितलं.

"छोटी होना, सस्ती होना, और नजदीक की होना."

इस्माईलभाई थबकले. "पर तुमकू देखना तो दूर का है ना?"

"मग? दूर का नजदीक लाना है, का आणखी दूर भेजना है?"

त्यांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "हौ, बराबर." माझं हे असंच आहे. चुकीची गोष्ट मी इतकी पटवून देतो, की बरोबर असलेला माणूस गप्प होतो. नजदीक की, नजदीक की, असं त्यांच्याकडून घोकून घेतलं तेव्हाच मी त्यांना सोडलं.

आठवड्याभरात लेन्स आली. कांद्याच्या चकतीएवढी काच आणि भोवती काळी कडी. खिशात टाकली तर खिसा फुगत नव्हता. इतकी स्वस्त, की मला इस्माईलभाईंचाच संशय आला. बायको म्हणाली, "अहो, त्या तांब्याएवढ्या लेन्सचं काम ही चकती करंल का?" मी तिला विचारलं, रेडिओ पूर्वी केवढे असायचे आणि आता केवढे झाले? जपानी माणूस वस्तू लहानच करत नेतो. शिवाय कडीवर इंग्रजीत लिहिलं होतं, क्लोज-अप. सिनेमात क्लोज-अप म्हणजे काय? हिरॉईनचं तोंड पडदाभर. आणखी काय पाहिजे? पुढं अधिक तीन असा आकडा. म्हणजे तिप्पट जवळ. बायको निमूटपणे आत गेली.

आधी एखादा फोटो काढून बघायचा, असं कुणीतरी म्हणेलच. रोल काय शेवग्याला लागतात?

लग्नाच्या दिवशी मी मागच्या बोळातून नरसम्माबाईंकडं गेलो. वैशाखाचं ऊन, आणि माळवदभर त्यांच्या कुरडया वाळत घातलेल्या. बाई मूळच्या तेलुगू. त्यांच्या मराठीला बाई आणि बुवा सारखेच. त्या म्हणाल्या, "बस की वर. पण कावळा हाकायचं. एक कुरडई कमी झाला, तर मी खाली मामाला सांगतंय."

अशा रीतीनं सख्ख्या मामेबहिणीच्या लग्नात मला कावळे हाकायचा मान मिळाला. कठड्याआड गुडघे मोडून बसलो. खाली सनई सुरू झाली. माझ्या ओळखीचा एकेक जण मांडवात शिरत होता, गंध लावून घेत होता, आणि मी वर कुरडयांत वाळत होतो. मग सुमी ओट्यावर आली. हिरवा शालू, मुंडावळ्या, आणि मान खाली. तिथून एवढीशी दिसत होती. मी खटाखट फोटो काढत सुटलो. मध्येच एक कावळा आला, त्याला हाकताना कॅमेरा खाली वळला आणि एक फोटो कुरडयांचाच निघाला. मामांनी एकदा वर पाहिलं तसा मी सपाट आडवा झालो. अक्षता पडल्या तेव्हा माझ्या हातात अक्षता नव्हत्या. कुरडईचा चुरा होता, तोच खाली टाकला. आता सांगताना गंमत वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

रोल धुवायला दिला. स्टुडिओवाल्यानं पाकीट देताना माझ्याकडं बघायचं टाळलं, तेव्हाच समजायला हवं होतं. रस्त्यात उघडून पाहिलं तर सगळीकडं नुसतं धुकं. सुमी नाही, ओटा नाही, मांडव नाही. पांढरे गोळे आणि काळे गोळे. फक्त एक फोटो लख्ख, कुरडयांचा. एकेक तार मोजून घ्यावी असा. ह्यानंच रोल धुताना नासवला, असं मी ठरवलं. कुरडयांचा फोटो खिशात टाकला आणि घरी गेलो.

आईनं हात धुतले, पदराला पुसले, चाळिशी लावली. पहिला फोटो जवळ धरला, मग लांब धरला. चाळिशी काढली, पुसली, पुन्हा लावली. एका पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही सुमी न्हवं?" तो बँडवाल्याचा ढोल होता, तेही मी अंदाजानंच म्हणतोय.

मग तिनं फोटो मांडीवर ठेवले. "लई चांगलं काढलं असशील रे. माझीच नजर गेली."

हीच ती जागा. इथं खरं बोलायचं होतं. मी काय म्हणालो? असेल असेल, डॉक्टरला दाखवू. बास. दुसऱ्या दिवसापासून आई भिंतीला धरून चालायला लागली. सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारायची. येईल त्याला सांगायची, "वसंतानं सुमीचं फोटू काढल्यात, पर माझ्या नशिबात न्हाय." आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी काचा बदलून बदलून तपासलं आणि म्हणाले, लांबची नजर वीस वर्षांच्या पोरीसारखी आहे. जवळचं वाचायला चाळिशी आहेच. तक्रार काय ती सांगा. आईनं रुमालात बांधून आणलेले फोटो पुढं केले. डॉक्टरांनी पाहिले. मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला, तेव्हा मला घाम फुटला.

"सगळे असेच आहेत?" त्यांनी मला विचारलं.

स्टुडिओवाल्याशी भांडायला म्हणून कॅमेरा बरोबर घेतलाच होता. मी ती चकती काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती औषधाच्या बाटलीवर धरली, तशी वरची बारीक अक्षरं हरभऱ्याएवढी झाली. मग डोळ्याशी धरून खिडकीबाहेर पाहिलं. कडीवरचा आकडा वाचला आणि ते गदागदा हसायला लागले. मला म्हणाले, "अहो, ही चाळिशी आहे. अधिक तीन म्हणजे जवळचं बघायचा नंबर. कॅमेऱ्याला चाळिशी लावून गल्लीपलीकडचं लग्न काढलंत तुम्ही. हिच्यातून हातभर अंतरावरचं काय ते दिसेल."

हातभर अंतरावर कुरडया होत्या. शहाण्यासारखं गप्प बसावं की नाही? डॉक्टरांचं म्हणणं कसं बरोबर आहे, हे सांगायला मी खिशातून तो फोटो काढून दाखवला. आईनं तो हातात घेतला आणि नीट पाहिला.

"ह्यो मला का न्हाय दावलास?"

मी डॉक्टरांच्या हातातली चकती घेऊन खिशात टाकली.

"म्हंजे मी आंधळी न्हाय, हे तुला ठावं हुतं."

त्या खोलीत मला इतकी लाज वाटली, की फी किती तेही विचारलं नाही, हाताला आलं ते टेबलावर ठेवून निघालो. आई माझ्याही पुढं. भिंत नाही, कठडा नाही, तरातरा पायऱ्या उतरून टांग्यात जाऊन बसली आणि मला न विचारता टांगेवाल्याला म्हणाली, "बाळीवेस."

मामांच्या घरात ती हाक न मारता शिरली. मामा उठले, "आलीस व्हय," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. पत्रिका नुसती पुढं धाडली होती, अक्षता घेऊन मी येणारच होतो, तवर तुमच्याकडनं नकार आला, असं ते आईला सांगत होते. मला नाही. सुमी तर केव्हाच गुलबर्ग्याला सासरी गेलेली. पण भिंतीवर तिचा मोठा फोटो लावला होता, फ्रेम करून. त्यांच्या फोटोग्राफरनं घराच्या दारातून गल्लीकडं तोंड करून काढलेला. सुमी हार घालतेय, नथ, मुंडावळ्या, शालूचे काठ, सगळं स्वच्छ. आई त्या फोटोपुढं उभी राहिली ती हलेचना. काचेवरून बोट फिरवत होती आणि रडत होती.

मीही मागून बघितला. आणि दिसलं. सुमीच्या डोक्याच्या वर, मांडवाची झालर जिथं संपते तिथं, माळवदाच्या कठड्याआडून वर आलेला एक इसम. एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, एक हात कावळ्यावर उगारलेला. चांगल्या लेन्सची हीच खोड, मागचं पुढचं सगळं स्वच्छ येतं.

मामींनी आईला जेवायला वाढलं. मला पाण्याचा तांब्या दिला. मी त्या फोटोखालीच बसलो होतो. तेवढ्यात मामांकडं कुणी पाहुणे आले. त्यांनी फोटो न्याहाळला आणि विचारलं, वर हा कोण हो?

मामांनी माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"त्यो व्हय? लांबचा भाचा हाय."