इंद्रभानाच्या गल्लीचा नळ

गावात एकच बारमाही विहीर होती तेव्हा सारं गाव मान खाली घालून पाणी भरायचं. विहीर शंकररावांची, काठ त्यांचा, शिव्याही त्यांच्याच. मग महाराष्ट्र झाला, चार-दोन वर्षांत नगरपालिकेनं टाकी बांधली, गल्लोगल्ली नळ उभे केले, अन् गावाची मान एकदम ताठ झाली. पाणी आता आपलं! सारं गाव मालक. आणि एवढ्या मालकांना नोकर एकच, इंद्रभान चावीवाला.

काम म्हटलं तर सोपं. लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, जमिनीखालचे वॉल फिरवायचे, एकेका गल्लीला पाळीनं पाणी सोडायचं. पण शंकररावांना जे विचारायची छाती नव्हती, ते सगळं गावानं इंद्रभानाला विचारलं. "पेठेत धार जाड काऊन बे? काय चारलं तुले?" कोणाचा चहा घेतला तरी संशय, नाही घेतला तरी संशय. नगरपालिकेच्या मेंबरांना पुन्हा निवडून यायचं होतं, म्हणून जो तो त्याला कोपऱ्यात घेऊन सांगायचा, "आमच्या गल्लीकडे जरा पाहाय. पन बोलू नको कोनाले."

एवढ्या नळांत एकच नळ कायम रडका. इंद्रभानाच्या स्वतःच्या गल्लीचा! करंगळीएवढी धार, तीही पहिला पितळी गुंड भरता भरता आटायची. गाव म्हणे, ढोंग आहे. गल्ली म्हणे, आपलं पाणी हा पेठेला देतो. आणि त्याची बायको कोकिळा निघायची शंकररावांच्याच विहिरीवर, पुन्हा मान खाली घालून.

चैत्रात तिनं रिकामा गुंड दारात आपटला. "अवो, नळाले पानी आनता, का मी माहेरी जाऊ दुसरबीडले?"

"आपली गल्ली चढावर हाये व," इंद्रभान चुलीकडे पाहत म्हणाला.

"चढावर? अन् जनकाबाईची गल्ली तर आपल्याहून वर हाये. तिच्या दारात नळ धो धो वाहून राह्यला!"

इंद्रभान चुलीतलं लाकूड पुढे सारू लागला. ते लाकूड सारणं कोकिळेनं मनात नीट बांधून ठेवलं.

इकडे ओरड वाढली तशी नगरपालिकेनं तोड काढली : पाणी सोडताना प्रत्येक गल्लीचा एक माणूस हजर पाहिजे. पहिल्याच सकाळी इंद्रभानामागे अशी वरात निघाली की फक्त वाजंत्री तेवढी नव्हती. त्याच्या गल्लीतून कोणी येईना. मग कमरेवर गुंड घेऊन कोकिळाच निघाली.

प्रत्येक वॉलवर चावी पार अडेपर्यंत फिरली. स्वतःच्या गल्लीशी मात्र इंद्रभान अर्ध्यातच थांबला आणि धोतराला हात पुसू लागला.

"थांबले काऊन?" कोकिळेनं विचारलं.

"झालं न."

"साऱ्याईले अडेपर्यंत, अन् आमाले अर्ध्यात?"

इंद्रभानानं मागच्या वरातीकडे चोरून पाहिलं. टाकी झाली त्या साली त्याच्या गल्लीत एकदा धार जाड आली होती, तर महिनाभर गावानं त्याला चोर ठरवलं होतं. तेव्हापासून हा वॉल त्यानं पुरता उघडलाच नव्हता.

"लोक नावं ठेवतीन व," तो पुटपुटला.

"लोक आताही ठेवूनच राह्यले! मंग पानी तरी येऊ द्या!"

पेठेचे उत्तमराव हसले. "नवरा-बायकोचं नाटक हाय हे. घरूनच पाठ करून आले."

कोकिळेनं गुंड खाली ठेवला, नवऱ्याच्या हातातली चावी ओढली आणि अंगाचा भार टाकून फिरवली.

"ओ बाई! नगरपालिकेची चावी हाय ते!" उत्तमराव ओरडले.

"अन् नगरपालिका कोनाची? गावाची न? मंग मी का गावाबाहेरची हाओ?"

उत्तमराव चावी घ्यायला पुढे सरले, तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "आलं, आलं!"

कोकिळेचं दुसरबीडला जाणं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून इंद्रभान आपल्या गल्लीचा वॉलही अडेपर्यंत फिरवू लागला. लोक बोलले, बोलून दमले. पहाऱ्याची हौसही लवकरच फिटली. कोकिळा तेवढी रोज गुंड घेऊन वॉलपाशी उभी.

"आता तरी नवऱ्यावर भरवसा ठेव व," जनकाबाईनं चिमटा काढला.

"नवऱ्यावर हाये न, बाई," चावीवरची नजर न काढता कोकिळा म्हणाली. "चावीवाल्यावर नाई."