गाडी येईपर्यंत पडदा बंद

नाटक कंपनीत तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर तिच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढून ती बोलायला लागली की त्याहून जास्त टोचायची. कपडेपट तिच्या ताब्यात होता. कोणाचा कोट खांद्यात तंग होतो, कोण घामेजलेले कपडे तसेच पेटीत कोंबून पळतो, सगळं तिला पाठ. नायकाला तिनं एकदा रंगपटात सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "तुझं वजन वाढलंय हे शिलाईला कळतं, तुलाच कळत नाही." नायक कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

घरी ती आणि तिचा थोरला भाऊ, दादा. दोन खोल्या. मधल्या दाराची चौकट तिनं स्वतः उभं राहून पाडून घेतली होती, कारण दादाची चाकाची खुर्ची त्यातून जात नव्हती. घरमालक जिन्यात उभा राहून ओरडत होता आणि ती गवंड्याला सांगत होती, "तू घाल घाव. त्यांचा घसा दुखला की थांबतील ते."

दादा रंगारी होता. एका इमारतीला बाहेरून रंग देताना परांचीवरून पडला. पडल्यावर पायांत जाणीव होती, असं तो दवाखान्यात शपथेवर सांगत होता. टाचेखाली तापलेली फरशी चटके देत होती, ते त्याला कळत होतं. सोबतचे रंगारी धावले. कोणी काखेत हात घातले, कोणी पाय धरले, मधून अंग पोत्यासारखं वाकलं आणि तसंच त्याला टेम्पोत टाकून दवाखान्यात नेलं. तिथं पोहोचेपर्यंत कमरेखाली काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाठीच्या कण्याला इजा झाली ती पडण्यानं की उचलण्यानं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

दादानं तो विषय तिथंच मिटवला. घरात बसून तो लोकांचे पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायला लागला. "ज्यांनी उचललं ते माझ्यावर जीव टाकणारे होते," एवढंच तो म्हणायचा. टाचणीनं मात्र विषय मिटवला नाही. "जीव टाकून भागत नाही, हात कुठं घालायचा ते कळावं लागतं," असं म्हणून ती सरकारी दवाखान्यातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात जाऊन बसली. शिकवणाऱ्या नर्सबाईंना तिनं इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, थोडं बाकीच्यांनाही विचारू द्या."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. शिकलेलं वापरायची वेळ आली नाही. आली ती एका भरगच्च प्रयोगाच्या संध्याकाळी.

रंगमंचावर बैठकीची खोली लावून झाली होती. पडदा बंद होता आणि पलीकडे प्रेक्षागृहात माणसं यायला लागली होती. दिवेवाला शिडीवर चढून वरच्या दांडीवरचा एक दिवा नीट वळवत होता. गोलमटोल, बडबड्या माणूस. शिडीवरूनही खालच्यांची थट्टा चालूच असायची. शिडी धरणाऱ्याला मॅनेजरनं हाक मारली, "अरे, इकडे ये, हे कपाट सरकव आधी." तो गेला. टाचणी विंगेत उभी राहून थोरल्या बाईंच्या कोटाचं बटण लावत होती. थोरल्या बाई म्हणजे नाटकात आईचं काम करणाऱ्या, कंपनीतल्या सगळ्यात जुन्या.

शिडी करकरली आणि मग नुसता धप्प असा आवाज झाला.

दिवेवाला उताणा पडला होता. पडताना डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं होतं आणि डावा हात अंगाखाली आला होता. तो लगेच उठायला लागला. "काही नाही, काही नाही झालं," म्हणत त्यानं मान वर उचलली.

टाचणीनं टाचण्या मुठीत थुंकल्या, त्या स्वतःच्या कॉलरला खोचल्या आणि त्याच्या डोक्यामागे गुडघे टेकले. दोन्ही कोपरं फळ्यांवर रोवून तिनं त्याचं डोकं दोन्ही बाजूंनी तळहातांत धरलं. "पडून राहा. उठायचं नाही."

"अगं सोड, मी ठीक आहे."

"ठीक असशील तर पडून राहायला काय जातंय?"

त्यानं तिला एक सणसणीत शिवी दिली. तिनं हात काढले नाहीत.

"दुखतंय कुठं? आणि मान हलवून सांगू नकोस, तोंडानं सांग."

"हात. मानेत पण. आणि बोटांना मुंग्या आल्यात."

"कुठल्या हाताच्या?"

"दोन्ही." आणि लगेच त्यानं विचारलं, "प्रयोग झाला का?"

अंगाखाली हात एकच आला होता, पण मुंग्या दोन्हींकडे. आणि पडदा अजून उघडलाही नव्हता. "बाई," ती थोरल्या बाईंना म्हणाली, "अँब्युलन्स बोलवा. सांगा, उंचावरून पडलाय, डोक्याला लागलंय, मानेचा संशय आहे. आत यायचं मागचं दार उघडून ठेवायला लावा."

तेवढ्यात दिवेवाल्यानं पुन्हा विचारलं, "प्रयोग झाला का?"

गर्दी जमली होती. त्याच्या डाव्या मनगटाला नको तिथं बाक आला होता. कंपनीचा सुतार पुढे वाकला. "मी एक झटका देऊन सरळ करतो. आमच्या गावाकडं असंच—"

"हात लावशील तर तुझंच मनगट वाकडं करीन." ती मान न वळवता म्हणाली. "आहे तसंच राहू दे ते."

नायक पाण्याचा पेला घेऊन आला. तिनं तोही परत पाठवला. "पाणी नको, चहा नको, काही नको. बेशुद्ध पडला तर श्वासात जाईल."

तिचे स्वतःचे हात अडकलेले होते, म्हणून काम थोरल्या बाईंनी केलं. टाचणी सांगत गेली. कात्री घेऊन बाही कापा. टेबलावरचं ते जाड मासिक घ्या, हाताखाली अलगद सरकवा, पोकळीत कापड भरा. ओढणीनं बांधा, पण मोडलं तिथं गाठ नको, वर एक आणि खाली एक. डोक्यामागून रक्त येत होतं. बाईंनी मिळेल तो स्वच्छ रुमाल घेऊन हलक्या हातानं लावला. तो नायकाचा दुसऱ्या अंकातला इस्त्रीचा रुमाल होता. नायकानं तोंड उघडलं आणि टाचणीचा चेहरा बघून मिटलं.

पहिली घंटा झाली.

मॅनेजर आला तो घामाघूम. "हे काय, अजून इथंच? बाहेर लोक बसलेत! चौघं या, उचला ह्याला, विंगेत गादी टाका."

"नाही," टाचणी म्हणाली.

"दहा पावलं न्यायचंय फक्त."

"एक पाऊलसुद्धा नाही. मान मोडली असली आणि तुमच्या चौघांतल्या एकाचा हात मागेपुढे झाला, तर हा जन्मभर बसेल. उभा राहणारच नाही."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. म्हणूनच डॉक्टरकडे जाईपर्यंत हलवत नाही."

दिवेवाला मध्येच म्हणाला, "उचला ना मला, फळ्या टोचतायत." मॅनेजरला तेवढंच हवं होतं. "बघ! तोच म्हणतोय. चला रे." दोघं जण पुढे सरकले.

टाचणीचा आवाज चढला. पडद्यापलीकडच्या पहिल्या रांगेला तो नक्की गेला असणार. "इथं वरून काही कोसळत असतं, आग लागली असती, तर मीच म्हणाले असते उचला. इथं काय पेटलंय? तुमची घंटा! ह्याला हात लावायचा असेल तर आधी मला फरफटत बाजूला करा. करा, बघू कोण येतंय."

कोणी आलं नाही. पुढे आलेले दोघं आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

"उद्यापासून तू कामावर येऊ नकोस," मॅनेजर म्हणाला.

"उद्याचं उद्या बघू. आत्ता माझे हात मोकळे नाहीत."

थोरल्या बाई आईच्या वेषात तशाच दिवेवाल्याशेजारी फतकल मारून बसल्या आणि त्यांनी त्याचा धड हात हातात घेतला. मॅनेजरकडे न बघताच त्या म्हणाल्या, "पडद्याबाहेर जा आणि लोकांना सांगा. मी उठले तर प्रयोग होईल, आणि मी उठत नाही."

मॅनेजर गेला. पडद्यापलीकडून त्याचा गोड केलेला आवाज ऐकू आला, की काही अपरिहार्य कारणामुळे थोडा उशीर होतोय. दुसरी घंटा झालीच नाही.

मग दिवेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मळमळतंय."

उताण्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते, आणि घाईघाईनं कुशीवर ओढला तर मान पिळवटते. टाचणीनं भराभर माणसं लावली. सुतार खांद्यापाशी, बाई कमरेपाशी, पायांशी कोणीच नव्हतं. "नायक! पाय धर. आता नाक, छाती, गुडघे एका रेषेत. मी 'चला' म्हटलं की सगळे एकदम. आधी नाही, नंतर नाही. चला!"

अख्खा माणूस ओंडक्यासारखा एका दमात उजव्या कुशीवर आला. डोकं तिच्या तळहातांतच होतं. उलटी झाली ती फळ्यांवर आणि नायकाच्या ठेवणीतल्या विजारीवर. नायक जागचा हलला नाही. ओठ घट्ट मिटून तो पाय धरून बसला.

गाडी आली तेव्हा टाचणीच्या कोपरांची सालटी निघाली होती. गाडीतली बाई गुडघ्यावर बसली, मानेला पट्टा लावला आणि म्हणाली, "आता सोडा. मी धरलंय."

"नक्की?"

"नक्की."

तरी बोटं उघडायला वेळ लागला. त्या बाईनं मनगटाची ओढणी पाहिली, त्याची फिकी पडलेली बोटं दाबून पाहिली आणि खालची गाठ सैल केली. "हे फार आवळलंय. बाकी ठीक." टाचणीला ते लागलं. बोटांचा रंग बघायचं तिच्या डोक्यातूनच गेलं होतं. पण तिनं सबब सांगितली नाही. गाठ केवढी सैल हवी, तेवढं नीट बघून घेतलं.

प्रयोग उशिरानं झाला. बरेच लोक निघून गेले होते. टाचणी मागे मोरीत विजार घासत होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून खबर आली. मनगट मोडलंय, प्लास्टर घालावं लागेल. डोक्याला हादरा बसलाय, काही दिवस देखरेखीखाली ठेवतील. मान शाबूत आहे, नुसती लचकली. मुंग्यासुद्धा ओसरल्या.

मॅनेजरनं सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. "मान शाबूत निघाली," तो टाचणीकडे बोट दाखवून म्हणाला. "म्हणजे काल जे झालं तो निव्वळ तमाशा! हिनं सगळ्यांसमोर माफी मागावी."

"शाबूत निघाली तर पेढे वाटा, रडताय कशाला?" टाचणी म्हणाली. "मला ती शाबूतच हवी होती."

"मोडलीच नव्हती, तर धरून काय बसलीस?"

"मोडली नव्हती हे दवाखान्यातल्या यंत्राला कळलं. माझ्या डोळ्यांत ते यंत्र नाही. तुमच्याही नाही. न कळता उचलायचं, की न कळता थांबायचं, एवढंच आपल्या हातात होतं. मी थांबले. पुन्हा कोणी पडला तर पुन्हा थांबेन. पडदा उघडा असला तरी त्याच्यासमोर बसेन. माफी मागत नाही."

तिनं कपडेपटातून स्वतःची कात्री घेतली आणि ती चालती झाली.

दादानं सगळं ऐकलं. पंख्याचं पातं हातात तसंच राहिलं. "त्यानं उठायचा प्रयत्न केला?"

"केला."

"मीही केला असता." तो पात्यावरची धूळ बोटानं पुसायला लागला. "तुला शिव्या दिल्या असतील."

"पोटभर."

"बरं झालं. शिव्या देणारा माणूस श्वास घेत असतो." आणि तो इतका हसला की पातं खाली पडलं.

टाचणी घरी बसून लोकांचे कपडे शिवायला लागली. कंपनीची मात्र भट्टी बिघडली. थोरल्या बाईंनी पुढच्या प्रयोगाला आपण आजारी असल्याचा निरोप धाडला आणि संध्याकाळी बाजारात खुशाल हिंडल्या. सुतार शिडीकडे बघून म्हणाला, "खाली धरायला माणूस आणि पडलो तर धरायला ती, दोन्ही असेल तर चढतो." नायकाची विजार भर प्रवेशात उसवली. मग एक दिवस मॅनेजर जिना चढून आला आणि चाकाच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसला. दादाकडे बघताना त्याचे शब्द अडखळायला लागले.

"येशील का परत?"

"शिडीला कायम दोन माणसं. त्यांना तुम्हीसुद्धा हाक मारायची नाही. आणि सगळ्या कंपनीनं शिकायचं. नर्सबाईंना मी आणते."

"आणखी काही?"

"सरावाला एक माणूस जमिनीवर झोपलेला लागतो."

दिवेवाला प्लास्टर गळ्यात अडकवून सरावाला आला. त्याला त्या संध्याकाळचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आभार मानणं दूरच, चांगल्या शर्टाची बाही कोणी कापली म्हणून तो भांडत होता. "मी कापायला लावली," टाचणी म्हणाली. "दुसरीही कापू का?" नायक उशिरा आला, मागे उभा राहिला आणि कोणी न सांगता पायांपाशी जाऊन बसला.

मॅनेजर रंगमंचाच्या मधोमध उताणा पडला होता. डोकं टाचणीच्या तळहातांत होतं. नर्सबाई समजावून सांगत होत्या, सुतार दात काढत होता आणि थोरल्या बाई उगाचच विचारत होत्या, "साहेब, बोटांना मुंग्या येतायत का?"

"झालं ना आता?" मॅनेजर छताकडे बघत म्हणाला. "उठू?"

"पडून राहा," टाचणी म्हणाली. "गाडी अजून आलेली नाही."