उघड्यावरचा देव

ऑपरेशननंतर माझा लघवीवरचा ताबा गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पण महिने गेले तरी आला नाही. वडिलांनी घरचे देव माझ्या हाती दिले तेव्हापासून पूजेत कधी खंड पडला नव्हता. आता ओलसर कपड्यांनी देवांना हात कसा लावायचा? मी बायकोला म्हणालो, गुडघे दुखतात, तूच कर. तिला खरं कारण ठाऊक होतं. तरी ती रोज पूजेला बसू लागली, त्याचीच मला अधिक लाज वाटायची. देवावर रागही होता. इतकी वर्षं तुझं केलं आणि तू माझी ही दशा केलीस, असं मनात यायचं.

मेळघाटातल्या एका कोरकू गावाने पाहुण्यांसाठी रानालगत खोल्या बांधल्या आहेत. गावच त्या चालवतं; स्वयंपाक, झाडलोट तिथल्या बायका आळीपाळीने करतात. मुलाने श्रावणात आमच्यासाठी तिथली खोली घेतली. मी नाही म्हणत होतो. "जठारपेठेतल्या घरात भिंतीकडं पाहत बसून राहिले तुमी. चला आता," बायको म्हणाली. अकोट सोडलं, झाडी दाट होत गेली, आणि मी गाडीत अंग चोरून बसून राहिलो.

पहिल्याच सकाळी जाग आली तेव्हा अंथरलेलं प्लास्टिक सरकलेलं आणि कापसाची गादी भिजलेली होती. बायको चहा सांगायला गेली होती. कोणी पाहण्याआधी गादी मागच्या बाजूला न्यावी म्हणून मी ओढू लागलो. भिजलेला कापूस जड. दारातच चिखलात पाय घसरला आणि मी गादीसकट खाली बसलो.

तिथलं काम पाहणारी सुगरतीबाई धावत आली. "लागलं का, बाबूजी?"

"नाही. पाणी सांडलं," मी म्हणालो. वासावरून तिला कळलंच असणार. तिने मला उठवलं आणि गादी डोक्यावर घेऊन पडवीसमोरून स्वयंपाकघराकडे निघाली, चुलीजवळ वाळवायला. पडवीत अमरावतीचं एक कुटुंब चहा घेत होतं. त्यांनी विचारलं तशी ती म्हणाली, "बाबूजीच्या खोलीत छप्पर गळलं."

"म्हाताऱ्या माणसाला गळक्या खोलीत ठेवता?" त्यांच्यातले एक गृहस्थ तिच्यावर चिडले. "पाहुणे बोलवाले येते, छप्पर पाहाले येत नाही?"

"चुकलं, साहेब," एवढंच ती म्हणाली. मी दारात उभा राहून सगळं ऐकत होतो.

कपडे बदलले, चहा तसाच ठेवला. थोड्या वेळाने ती पाण्याची कळशी घेऊन गावाकडे जाताना दिसली. माफी मागावी म्हणून मी मागोमाग गेलो. एका मोहाच्या झाडाखाली गावदेव होता, शेंदूर लावलेला दगड. ना भिंत, ना छत. तिने पाणी घातलं, फूल वाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "या न, बाबूजी. तुमी बी घाला पाणी."

मी लांबच थांबलो. "मी ओला असतो, बाई. मले चालत नाही."

तिने दगडाकडे पाहिलं. पानांवरून पाणी ठिबकत होतं, शेंदूर ओघळला होता. "तो बी ओलाच हाये," ती म्हणाली. "पूरा पावसाळा."

तिने कळशी माझ्या हातात दिली. कित्येक महिन्यांनी मी देवाला पाणी घातलं. तेव्हाही मला ओल जाणवत होती, आणि मी मागे सरलो नाही. तिच्या तोंडून कोण बोललं, याचा मी काथ्याकूट करत नाही. स्वच्छ झाल्यावरच देवाजवळ जायचं, असं धरून बसलो होतो; जसे आहोत तसे जाणं म्हणजेच शरण जाणं, हे मला तिथे उमगलं.

माफी मात्र राहिलीच होती. परत आलो तेव्हा ते गृहस्थ पडवीतच होते. सुगरतीबाई भांडी उचलत होती, बायको बाजूला बसली होती. मी म्हणालो, "साहेब, छप्पर गळत नाही. गादी माझ्यामुळं ओली झाली. मले आजार हाये. या बाईंनी माझ्यासाठी बोलणी खाल्ली."

मग ते गृहस्थ उठले, सुगरतीबाईसमोर हात जोडले आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो. बायकोने सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.