राठोडसाहेबांची सावड

परदेशातल्या आपल्या दूतावासात पासपोर्टाच्या कामासाठी गेलो, तर खिडकीपलीकडचे राठोडसाहेब म्हणाले, "सेनगावकडचे काय तुमी? बोलण्यावरूनच कळून राहिलं." मी तिथल्याच साखऱ्याचा, ते जवळच्याच पुसेगावकडच्या तांड्यावरचे. अंगात कोट, पण गप्पा तूर-सोयाबीनच्या. मला तर माहेरच भेटलं.

श्रीलंकेच्या दूतावासातल्या परेराबाईंशी त्यांची गट्टी होती. अडचणीत सापडलेला मजूर त्यांचा असो की आपला, ज्याला आधी सवड होईल तो धावून जाई. मी एकदा विचारलं, "साहेब, दुसऱ्यांच्या माणसासाठी एवढी तकलीफ काहून?"

ते हसले. "आपल्याकडं पेरणीला सावड करतेत का न्हाई? आज त्याच्या रानात, उद्या आपल्या. अन् सावडीत कुणी रान मोजत न्हाई." परराष्ट्र खात्यात हे शिकवत असतील असं मला वाटत नाही.

मग त्या शहरात लढाई पेटली. माझी बायको सुनीता नदीपलीकडच्या दवाखान्यात नर्स होती, आणि पूल बंद झाला. मी दूतावासात पोचलो, तेव्हा विमानतळाकडे निघालेल्या आपल्या बसमध्ये राठोडसाहेब श्रीलंकेच्या कामगारांना बसवत होते. "आधी आपली माणसं घ्या!" म्हणून काही जण ओरडत होते. मी गर्दीतूनच सुनीता पलीकडे अडकल्याचं ओरडून सांगितलं.

साहेब जवळ आले. "बाईंचा दूतावास नदीच्या तिकडं हाय. तिकडून विमानतळाला रस्ता चालू हाय. तिकडची आपली माणसं त्या आणून राहिल्या, तुमची मालकीणबी. हिकडची त्यांची मी नेतो. बसा."

बसलो. वाटेत आठवतील तेवढ्या देवांना नवस बोललो. विमानतळावर परेराबाईंच्या गाडीतून सुनीता उतरली आणि मी चारचौघांत ढसाढसा रडलो.

आपलं विमान लागलं. मी म्हणालो, "साहेब, चला."

"त्यांचं विमान आलं न्हाई अजून. बाई परत माणसं आणायला गेल्यात. ह्या लोकांजवळ कुणीतरी पाहिजे का न्हाई? जा तुमी. तांड्यावर सांगा, मी बराबर हाय."

साहेब पुढे सुखरूप आले, पण अगदी शेवटच्या विमानानं. त्याआधीच आम्ही दोघं निरोप घेऊन तांड्यावर गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी आले. मंग माझं लेकरू काहून न्हाई आलं?"

सुनीता पुढे झाली आणि तिनं त्या माउलीच्या पायांवर डोकं ठेवलं.