डुकराच्या पिल्लाच्या नाकाचं अस्तर

अस्तर म्हटलं की मला आधी ब्लाउजचं अस्तर आठवतं. शिनोलीत मी शिलाई मशीन चालवायची, तेव्हा मलमलीचं वेगळं, जाड कापडाचं वेगळं, असं अस्तर हातानंच ओळखायचे. नाकालाही आतून अस्तर असतं आणि ते वयाबरोबर बदलतं, हे मला डुकरांनी शिकवलं. म्हणजे शिकवलं गुरांच्या डॉक्टरांनी, पण निमित्त डुकरं.

नव्वद साल उलटून गेलं होतं. आमच्याकडे जमीन थोडी. मालक गवंडीकाम करायचे, मी शिवायचे, सासूबाई घरात. त्यांना मी आत्या म्हणायचे. तर मी मंचरच्या बाजूनं एक पांढरी, विलायती डुकरीण आणली, गाभण. गावात कुणी काही बोललं नाही, बोललं ते घरच्यांनीच. पुण्यातल्या दिरांनी येऊन सुनावलं, की छप्पन साली आपल्या म्हाताऱ्यांनी धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढायची सोडली, आणि तू आता डुकरं दारात आणतेस. मी म्हटलं, भावजी, ती ओढायला लावायचे म्हणून सोडली. ही मी माझ्या मनानं आणलीय. मालक तेव्हा मधे पडले नाहीत. ते तसे कमीच बोलायचे.

पौषात डुकरीण व्याली. दहा पिल्लं. गुलाबी, हाताच्या पंजाएवढी, अंगावर केस नावाला. थंडी अशी, की सकाळी पाण्याच्या पातेल्यावरचं झाकण हाताला चटका दिल्यासारखं लागायचं. आता आमच्याकडं बाळंतिणीला काय करतात, तर खोली बंद करायची, खाटेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाची टरफलं टाकून बाईला आणि बाळाला धुरी द्यायची. माझी दोन्ही बाळंतपणं आत्यांनी तशीच केली. बाळाचं नाक मोकळं होतं म्हणायच्या. मग डुकरिणीचं मी काय वेगळं करणार. शेडच्या दोन्ही खिडक्यांना गोणपाट ठोकलं, कोपऱ्यात शेगडी ठेवली, ओवा टाकला. सकाळ-संध्याकाळ. आत्या दारातनं सांगायच्या, अजून जरा टाक, थंडी लई हाय. मी टाकायचे.

दुसऱ्या दिवशी पिल्लं शिंकायला लागली. मला वाटलं गारठ्यानं, म्हणून मी धुरी वाढवली. तिसऱ्या दिवशी ती सडाला लागायची, दोन घोट प्यायची आणि तोंड सोडून वर बघायची. मला कळेना, दूध आहे, भूक आहे, मग पीत का नाहीत. आठवड्यात सात गेली, आठवं मागनं दोन-तीन दिवसांनी. राहिली ती दोन, दाराच्या फटीपाशी झोपायची ती. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

मालकांनीच खड्डा खणला. हात धुऊन आले आणि म्हणाले, "अजून एक वेत बघू. तेबी आसंच गेलं तर डुकरीण देऊन टाकायची. दारात मेलेली पिल्लं मला बघवत न्हाईत."

मी हो म्हटलं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी गुरांचे डॉक्टर आले. पोरगेलेसे होते, खोडदकडचे, त्या दुर्बिणीच्या मोठमोठ्या छत्र्या आहेत ना आभाळाकडं तोंड केलेल्या, तिथलेच. त्यांचं पुढचं शिक्षण चालू होतं आणि अभ्यास काय, तर डुकराच्या नाकाचं अस्तर वयाप्रमाणं कसं वाढतं. जुन्नरकडच्या एका खाटकाकडनं ते लहान-मोठ्या डुकरांची डोकी आणायचे. मेलेलं पिल्लू आहे का म्हणून विचारायला आले होते. आत्या ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, "तुमच्या गावची मान्सं आभाळाचं ऐकत्यात, आन् तुमी डुकराच्या नाकात बघताय व्हय पावणं?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, आभाळ लांब हाय. नाक जवळ पडतं."

ते आठवं पिल्लू त्याच सकाळी गेलं होतं, पुरायचं राहिलं होतं. मी ते दिलं, पण एका अटीवर. म्हटलं, इथंच कापा, मला बघायचंय. त्यांनी लोखंड कापायची करवत काढली. मोटारसायकलला डबा होता, त्यात दोन महिन्यांच्या पिल्लाचं एक डोकं आणि मोठ्या डुकराचं एक. तिन्ही नाकं त्यांनी गाजर कापावं तशी आडवी कापली आणि फळीवर ओळीनं मांडली. आत्या डोळ्यांवर पदर घेऊन पाठ करून बसल्या.

आत बघितलं तर सुरळीच्या वड्यांसारखी वेटोळी. पातळ हाडाची वळकटी, आणि तिच्यावर चढवलेलं ओलं अस्तर. मोठ्या डुकराचं जाड, लालसर, बोट लावलं तर बोटाला बुळबुळीत लागलं. दोन महिन्यांचं त्याहून पातळ. आणि माझ्या पिल्लाचं म्हणजे दुधावरची पहिली साय, तीही फाटलेली, काही ठिकाणी हाडच दिसत होतं आणि बाकी सगळं काळपट, सुजून वाट बुजलेली. मी शिलाईवाली. मला सांगायला नको होतं की एवढ्या पातळ कापडावर असली इस्त्री फिरवत नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला अजून पाठ आहे. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते, ती आतली घाण बाहेर ढकलते. चिकट पाणी सोडणाऱ्या गाठी असतात, त्या धूळ धरून ठेवतात. नवं पिल्लू जन्मतं तेव्हा अस्तर पातळ, लव विरळ, गाठी थोड्या. आठवड्या-आठवड्यानं अस्तर जाड होत जातं, गाठी वाढतात, रोगाशी भांडणाऱ्या पेशी तिथं मुक्कामाला येतात. दूध तुटेपर्यंत बरंच काम झालेलं असतं, पण पुरं व्हायला महिने लागतात. आणि पिल्लू दूध पिताना नाकानंच श्वास घेतं. नाक बुजलं की सड सोडावा लागतो.

"पोटात दूध न्हवतं म्हणून मेलं व्हय?" मी विचारलं.

"दूध व्हतं," ते म्हणाले. "श्वास न्हवता."

मी शेगडीचं सांगितलं. त्यांनी शेडमध्ये जाऊन वास घेतला, गोणपाट उचलून बघितलं आणि एवढंच म्हणाले, की धूर आणि बंद खोलीतला मुताचा उग्र वास, दोन्ही मिळून झालंय. ऊब पाहिजे तर कोरडा पेंढा जाड टाका, वारा वरनं जाऊ द्या. मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

डुकरीण लवकरच पुन्हा गाभण राहिली. तळेघर माझं माहेर, तिकडं भात पिकतो. भावाला सांगून दोन फेऱ्या पेंढा आणवला, डोक्यावरनं आणि एसटीच्या टपावरनं. गोणपाट काढलं, वरच्या अंगाला विटा काढून झरोके केले, ते मालकांनी केले. श्रावणात नऊ पिल्लं झाली. मी आत्यांना बजावलं, यंदा धुरी नाही. त्या म्हणाल्या, बरं.

तिसऱ्या दिवशी मी घोडेगावच्या बाजारला गेले. परत आले तर अंगणातच ओव्याचा वास. शेडचं दार लावलेलं, झरोक्यांत फडकी कोंबलेली. आत धूर इतका, की डुकरीण दिसेना. मी दार उघडलं, फडकी ओढली, शेगडी चिमट्यानं उचलून चिखलात टाकली. पिल्लं पेंढ्यावरनं पदरात घेऊन ओट्यावर आणली. नऊच्या नऊ शिंकत होती. आत्या भिंतीला टेकून उभ्या.

मी म्हटलं, "आत्या, मी न्हाई म्हनलं व्हतं."

"गारठ्यानं थरथरत व्हती गं ती. जरासाच टाकला."

"जरासा? सगळा ओवा संपवलाय तुमी. वासानं जीव घुसमटतोय हितं."

त्या भिंतीपासनं पुढं आल्या. मग म्हणाल्या, "मला वास कुटं येतो."

सोळा वर्षं झाली होती मला त्या घरात. चुलीपुढं बसून खोकणारी बाई रोज बघत होते, आमटी करपली तर ती कधी बोलायची नाही, हेही बघत होते. मला वाटायचं, सासू समजूतदार. त्यांना वासच येत नव्हता. कधी गेला तेही त्यांना माहीत नव्हतं. म्हणाल्या, पैल्यांदा जळणाचा गेला, मग फुलांचा, सांगायचं कुणाला आन् कशाला.

मी भांडायचं सोडून दिलं. एक पिल्लू उचललं, त्यांचं बोट त्याच्या नाकपुडीला लावलं. म्हटलं, ह्याच्या आत सायीएवढं पातळ हाय. तुमचंबी कधीकाळी आसंच असंल.

त्यांनी बोट काढलं नाही बराच वेळ.

त्या संध्याकाळपासनं आत्यांनी पाट शेडच्या दाराशी टाकला. पिल्लं पिताना कोण सड सोडतंय ते त्या मोजायच्या आणि मला हाक मारायच्या. जे सोडायचं त्याचं नाक मी कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसायचे आणि परत लावायचे. डॉक्टर दोनदा येऊन औषध देऊन गेले. एक पिल्लू पाचव्या दिवशी गेलं, सगळ्यात बारकं. आठ राहिली. शिंका महिनाभर ऐकू येत होत्या, मग कमी झाल्या.

दूध तुटलं त्या दिवशी मालक झरोक्यातनं आत बघत उभे होते. मी विचारलं, काय करायचं डुकरिणीचं. म्हणाले, "काय करायचं म्हंजे? शेड अपुरं पडतंय. भिंत पुढं घेतो." एवढाच तो निकाल.

आत्या मात्र आत शिरल्या. त्यातलं सगळ्यात दांडगं पिल्लू त्यांनी गुडघ्यात धरलं, नाकावर बोट फिरवलं, ओलं, गार, खरखरीत. त्यानं शिंकून त्यांच्या हातावर सगळं उडवलं. लुगड्याला हात पुसत मला म्हणाल्या, "आता जाड झालं असंल गं ह्याचं. आता धुरी चालंल का?"

"चालंल," मी म्हटलं. "पण कशाला?"

त्यांनी विचार केला. "व्हय, कशाला," म्हणाल्या, आणि त्याला खाली सोडलं.