कमुरत्यात आलेली तारीख

माझा मुलगा चार महिन्यांचा होता आणि दूध पिताना त्याला घाम फुटायचा. ऐन थंडीत कपाळ भिजून जायचं. चार घोट झाले की दमून तोंड बाजूला करायचा. हृदयाच्या पडद्याला मोठं भोक होतं. अलकापुरीतल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन वाढायची वाट बघू नका, ते वाढणार नाही. फुप्फुसांत रक्त जास्त जातंय, साधी सर्दी छातीत उतरली तरी निभावणं कठीण. ऑपरेशनची तारीख मिळाली डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. नेमकी कमुरत्यात.

मराठी घरात कमुरता कुठून आला, विचारू नका. चार पिढ्या बडोद्यात काढल्या की शेजाऱ्यांचं सगळंच आपलं होतं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत चांगलं काम काढायचं नाही, हे आमच्या हरणीच्या सोसायटीत पोरासोरांनाही ठाऊक. सासूबाई एकदाच म्हणाल्या, उत्तरायणानंतर नाही का चालणार? दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "जाऊ दे गं, डॉक्टर म्हणतात तसं करा."

पण मी त्यांचा पहिला शब्द धरून बसले. खरं सांगते, कमुरत्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. अहो, मी शाळेत विज्ञान शिकवते! मी घाबरले होते. एवढीशी छाती कापणार, हे मनात आणवत नव्हतं, आणि महिनाभराची पळवाट आयती समोर आली होती. मी हॉस्पिटलात फोन केला आणि बाळाला सर्दी झालीय म्हणून थाप मारली. पलीकडची बाई म्हणाली, "सारुं बेन, उत्तरायण पछी आवजो." बरं, संक्रांत झाल्यावर या. घरी सांगितलं, आईंचं मन मोडवेना म्हणून तारीख पुढे ढकलली. नवऱ्यानं कॅलेंडरवरची तारीख खोडली. सासूबाईंनाही ते खरंच वाटलं.

संक्रांतीला चार दिवस उरले असताना ताप आला. दुपारपर्यंत त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या. हॉस्पिटलात नेल्या नेल्या श्वासाची नळी घातली. न्युमोनिया. डॉक्टर म्हणाले, या फुप्फुसांवर ऑपरेशन झेपणार नाही, आणि भोक बुजवल्याशिवाय फुप्फुसं सुधारणार नाहीत. मी विचारलं, डिसेंबरात केलं असतं तर?

"तर बहुतेक आज तो घरी असता," ते म्हणाले.

नऊ दिवस मी काचेबाहेर उभी होते. काय काय नवस बोलले, कुणाकुणाच्या पाया पडले, लाज सोडून सांगते, वॉर्डातल्या झाडूवालीच्यासुद्धा. दहाव्या दिवशी सकाळी तो गेला.

घरी सासूबाई स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या. "माझ्या मेलीच्या जिभेनं गेला गं तो. मला माफ कर."

मी त्यांचे हात धरले. आई, तुम्ही नाही, मी, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही.

"रडू नका आई," मी म्हणाले.

चार वर्षं झाली. त्या अजून माझ्या नजरेला नजर देत नाहीत, आणि मी त्यांना तसंच राहू देते.